२०० लिटरचा सोलर, साडेसात बादल्यांची टाकी

आमच्या दारात पाणी तापवणारा सोलर विकणारा माणूस आला तो एक छापील तक्ता घेऊन. डावीकडे गीझर, महिन्याला १८०० रुपये वीज. उजवीकडे सोलर, शून्य. लातूरचं ऊन आणि सासूबाईंचे दुखरे सांधे, दोन्ही त्याने बसल्या बसल्या हेरलं. "काकू, आजींना चोवीस तास कढत पाणी मिळेल."

तक्ता तेव्हाच तपासायला हवा होता. २० लिटरची बादली २० अंशांनी तापवायला साधारण अर्धा युनिट लागतं. आम्ही चौघं, म्हणजे दिवसाचे दोन युनिट, महिन्याचे साठ. युनिटला १० रुपये धरले तरी ६००. गीझरमधून थोडी उष्णता वाया जाते, तीही धरा. १८०० काही होत नाहीत.

नळ्यांचा २०० लिटरचा सोलर ४२,००० ला ठरला. त्यातले १४,००० सूर्यघर योजनेतून खात्यावर परत येणार, आणि त्या फाइलचे ३,५०० वेगळे, रोख. जुना गीझर १,००० रुपयांत तोच घेऊन गेला. ढगाळ दिवसांसाठी टाकीत विजेची कॉइल बसवून देतो म्हणाला होता, ती "पुढच्या आठवड्यात" येणार होती.

अनुदान येईना तेव्हा बहिणीच्या मुलाने योजना वाचून दाखवली. २०२४ ची ही योजना छतावर वीज तयार करणाऱ्या पॅनलसाठी आहे. ३ किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या पॅनलला ७८,००० रुपये मिळतात. पाणी तापवणाऱ्या सोलरला त्यात एक रुपयाही नाही. आमच्या आधारकार्डाची आणि पासबुकाची झेरॉक्स मात्र त्या माणसाकडे गेली, याची धास्ती मला अजून वाटते.

थंडीत तिसऱ्या अंघोळीलाच पाणी कोमट यायला लागलं. शेवटी एका पहाटे आम्ही थंड पाण्याचा व्हॉल्व्ह बंद केला आणि टाकी तळाच्या नळाने रिकामी करत बादल्या मोजल्या. २० लिटरच्या साडेसात भरल्या. १५० लिटर! (हे ऊन चढायच्या आत करा. तापलेल्या नळ्यांत गार पाणी गेलं की काच तडकते.) नळ्या १५, त्याही ४७ मिलिमीटरच्या. प्लंबर म्हणाला, एवढ्या १०० लिटरला असतात, २०० ला जवळजवळ दुप्पट लागतात. वर आमचं बोअरचं जड पाणी; एक नळी उपसून पाहिली तर आत पांढरा थर. "बोअरचं पाणी चालतं" हेही त्या विकणाऱ्याचंच वाक्य.

जुलैत आठ-आठ दिवस ऊन नाही, कॉइल नाही, गीझर नाही. सासूबाईंसाठी गॅसवर पातेलं. पुन्हा १५ लिटरचा गीझर घेतला.

सोलर वाईट नाही. पलीकडच्या घरी कॉइलसकट आहे आणि उत्तम चालतो. आम्ही नाडलो ते तोंडी बोलण्यावर विसंबल्याने. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क लागत नाही, मुदत दोन वर्षांची आहे. म्हणून कागद घेऊन वकिलांकडे गेलो. कागद म्हणजे जीएसटी क्रमांक नसलेली एक चिठ्ठी, "सोलर १ नग, ४२,०००". वकिलांनी पहिलंच विचारलं, यात २०० लिटर कुठे लिहिलंय?

कुठेच नाही.