समर रिसर्च: बाहेरची फेलोशिप की कोल्हापुरातलीच लॅब?

भावा, देशातल्या तीन सायन्स अकॅडमी मिळून देतात ती समर फेलोशिप मिळाली तर नादच खुळा, दोन महिने बाहेरच्या मोठ्या संस्थेत गाईडकडे काम, वर स्टायपेंड, पण फॉर्म आदल्या वर्षीच भरायचा असतो, सरांचं शिफारसपत्र लागतं आणि आपली पोरं जागी होतात थेट एप्रिलमध्ये.

शिवाजी विद्यापीठात नॅनोसायन्स आणि बायोटेक्नॉलॉजी एकाच स्कूलमध्ये आहे, म्हणजे फिजिक्सवाल्यालाबी बायोचं काम जवळून बघता येतं. तिथल्या सरांना स्वतः जाऊन सुट्टीत लॅबमध्ये काम देता का विचारायचं, पैशाची आशा ठेवायची नाही. पण जेवण घरचं, आणि पेशी मेल्या, प्रयोग फसला तरी कॉलेज सुरू झाल्यावर परत करता येतो, तिकडं आठ आठवडे झाले की बॅग भरायची. पिपेट (थेंब मोजून घ्यायचं लॅबमधलं साधन) कधी धरलंच नसेल तर मी म्हणतो आधी इथंच.