इसाबेला बेटाची सहल: शार्क झकास, वेटसूट फाटका

इक्वाडोरच्या गालापागोस बेटांमधल्या इसाबेलाची ही सहल घ्याच, पण शेजारच्या सांताक्रूझ बेटाहून येणाऱ्या स्पीडबोटीत मागे बसा. दोन तास आतडी घुसळून निघतात. लॉस तुनेलेस या लाव्हाच्या कमानींच्या किनाऱ्यावरचं स्नॉर्केलिंग मात्र पैसे वसूल! लाव्हाच्या कपारीत व्हाइटटिप शार्क निवांत पडलेले, आणि हिरवी कासवं इतकी जवळ येतात की दोन मीटर अंतराचा नियम आपण पाळला तरी ती पाळत नाहीत. विषुववृत्ताजवळ चक्क पेंग्विन पाहिले. पाणी गारठवणारं, आयोजकांनी दिलेला माझा वेटसूट खांद्यावर फाटका, बदलून मागितला तर मान हलवून गप्प. सिएरा नेग्रा ज्वालामुखीचं विवर सुमारे १० किलोमीटर रुंद, २०१८मध्ये उद्रेक झालेलं. आम्हाला दिसलं ते धुकं. राष्ट्रीय उद्यानाचं शुल्क भारतीय प्रौढाला २०० डॉलर, तेही पॅकेजबाहेर, रोख ठेवा.