‘ताई, ते स्वप्न बघतंय’

कुत्र्याच्या पिल्लाचे १८,०००. ‘आमच्या डॉक्टरां’च्या व्हिडिओ कॉलचे १,२००. औषधांच्या पार्सलचे ४,७५०. एकूण २३,९५० रुपये मी एका माणसाला स्वतःच्या हाताने, तेही ‘थँक्यू दादा’ म्हणत दिले. आकडा आधीच सांगून टाकते, म्हणजे लाज एकदाच काय ती वाटेल.

मला काही कळत नव्हतं असं नाही. आई दाखवल्याशिवाय पिल्लू घेऊ नये, आठ आठवड्यांच्या आत तर मुळीच नाही, रस्त्यावर उभ्याने व्यवहार करू नये, हे सगळं वाचलं होतं. पण ५,००० टोकन आधीच गेलेलं, महिनाभर फोटो बघून बघून नावसुद्धा ठरलेलं. ‘आई जरा चिडकी आहे, अनोळखी माणसं चालत नाहीत तिला,’ हे कारण मला त्या दिवशी पटलं. कुणाला पटलं नसतं?

विकणाऱ्याने गाडीच्या डिकीतल्या टोपलीतून पिल्लू काढलं. नाकपुडीवर पिवळट खपली होती. त्याने ती अंगठ्याने काढली आणि अंगठा पँटीला पुसला. मी बघितलं. समोर उभं राहून बघितलं आणि हसले! पिल्लू माझ्या हातात आलं तर पोट भात्यासारखं वरखाली होत होतं. विचारलं, तर म्हणाला, ‘ताई, झोपेत आहे. पिल्लं स्वप्नं बघतात.’

हे अर्धं खरं आहे, म्हणूनच पचलं. झोपेत पिल्लांचे पाय हलतात, पापण्या फडफडतात, मिनिटभर श्वासही वेडावाकडा होतो. जागं केलं की सगळं ठीक. आमचं जागं होतं. डोळे उघडे, मान पुढे ताणलेली. आडवं व्हायलाच तयार नाही, बसल्या बसल्या पेंगायचं आणि दचकायचं. रात्री मोबाइलवर वेळ लावून मोजलं. छाती वर जाऊन खाली आली की एक श्वास. मिनिटाला ६४. शांत झोपलेल्या पिल्लाचे साधारण १५ ते ३०, लहान जिवाचे थोडे जास्त धरा, पण ६४?

इथे दुसरी चूक. रात्री अकरा वाजता दवाखाना शोधायचा सोडून मी विकणाऱ्यालाच फोन केला. विकणाऱ्याने सुचवलेला डॉक्टर कधीही धरू नका. त्या ‘डॉक्टरां’नी हिरड्या बघितल्या नाहीत, ताप किती विचारलं नाही. ‘जागा बदलली की होतं’ म्हणाले आणि पार्सल पाठवलं. लेबल नसलेली एक बाटली, दोन पुड्या. त्यात दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी हिरड्या फिकट पडल्या आणि आम्ही धावलो.

खऱ्या डॉक्टरांनी तोंड उघडून बघितलं. दाढा अजून आलेल्याच नाहीत. नऊ आठवड्यांचं सांगितलेलं पिल्लू जेमतेम पाचचं निघालं. डिस्टेंपरची, म्हणजे कुत्र्यांच्या एका गंभीर विषाणूजन्य आजाराची, चाचणी पॉझिटिव्ह, वर न्यूमोनिया. मग त्यांनी लसीचं कार्ड मागितलं. दोन डोस, दोन तारखा, एकच पेन. लसीच्या बाटलीवरचा स्टिकर नाही, शिक्क्यात नोंदणी क्रमांक नाही. जन्मतारीख आणि पहिला डोस यांत १६ दिवस! लस सुरू होते सहा ते आठ आठवड्यांनी. हे कार्ड घरात तीन दिवस फ्रीजवर चिकटवलेलं होतं. वजाबाकी मलाही येते, केली नाही. कार्ड पैसे देण्याआधी वाचा, नंतर नाही.

पाच दिवस ऑक्सिजन, सलाइन, अँटिबायोटिक. २१,३०० रुपये. हे मी वरच्या आकड्यात धरलेले नाहीत, ते योग्य हातात गेले.

आता चौकीचं ऐका. पहिल्या दिवशी साहेब नव्हते. दुसऱ्या दिवशी होते, म्हणाले, ‘सायबरकडे जा.’ सायबरवाले म्हणाले, ‘पिल्लू मिळालं ना? मग ऑनलाइन फसवणूक कशी?’ परत चौकी. ‘पावती आहे?’ नाही, पण पैसे पाठवल्याची नोंद आहे, चॅट आहे, कार्ड आहे. ‘हा दिवाणी मामला.’ प्राण्यांच्या खात्यात गेले, तर तिथे विकणाऱ्याचा पत्ता मागितला. पत्ता असता तर मी तुमच्याकडे कशाला आले असते? ज्या ॲपवर जाहिरात होती त्यांचं उत्तर दोन ओळींचं: व्यवहाराशी आमचा संबंध नाही. आणि शेवटी एका हवालदाराने, अगदी प्रेमाने, विचारलं, ‘मॅडम, कुत्रं जिवंत आहे ना? मग नुकसान काय झालं?’

जिवंत आहे. तीन आठवड्यांनी मागचा डावा पाय झटके द्यायला लागला. डिस्टेंपर मेंदूपर्यंत गेला की असं होतं, बहुधा कायमचं. गाढ झोपेतही थांबत नाही. काल शेजारच्या काकू कौतुकाने बघत म्हणाल्या, ‘स्वप्न बघतंय वाटतं.’ मी हो म्हटलं.

चॅट पुसू नका. त्याने ब्लॉक करायच्या आत स्क्रीनशॉट घ्या. माझे निम्मे पुरावे गेले.