टीसीए क्रॉस: आठ महिने, पाच सिटिंग आणि एक टूथपिक

लेझर, मायक्रोनीडलिंग, पील म्हणजे काय हे मुरुमांच्या खड्ड्यांना वैतागलेल्या माणसाला सांगावं लागत नाही, त्यामुळे थेट निकाल. सगळ्यात स्वस्त हत्याराने सगळ्यात जास्त फरक पाडला. ते हत्यार म्हणजे लाकडी टूथपिक, टोकाला ट्रायक्लोरोअॅसिटिक अॅसिड, म्हणजे टीसीए. या पद्धतीचं नाव टीसीए क्रॉस. चकचकीत मशीनवर आधी खर्च करून झाला असेल तर हे वाचून चिडचिड होईल. व्हायलाच हवी.

हे फक्त आइसपिक खड्ड्यांबद्दल आहे. म्हणजे तोंड दोन मिलिमीटरहून अरुंद, पण खोल, जाड सुईने टोचल्यासारखे. फ्रॅक्शनल लेझर (कातडीवर बारीक ठिपक्यांत मारलेलं) किंवा नीडलिंगने (बारीक सुयांनी टोचून) यांच्या कडा सुधारतात, तळापर्यंत काही पोहोचत नाही. अॅसिड थेट तळाशी ठेवलं की आतल्या भिंतींवरची कातडी जळते आणि जखम भरताना नवं कोलॅजन (कातडीला भरीवपणा देणारं प्रथिन) खालून वर येतं. खड्डा बुजतो तो असा.

करताना तेलकटपणा स्पिरिटने पुसतात. मग दोन बोटांनी कातडी ताणून खड्ड्याचं तोंड उघडं करायचं. काडीचं टोक अॅसिडात बुडवून बाटलीच्या काठाला टेकवायचं, थेंब लोंबता कामा नये. टोक तळाशी नेऊन दाबलं की काही सेकंदांत तो ठिपका खडूसारखा पांढरा पडतो. आग होते, पण मिनिटांत ओसरते. भूल देणारं क्रीम बहुतेकदा लागतच नाही. काडी डोळ्यांवरून न्यायची नाही, हातात पुसायला कापूस तयार ठेवायचा.

आता त्या काडीबद्दल, कारण सगळं तिथेच बिघडतं. लाकूड अॅसिड शोषतं, चार-पाच खड्ड्यांनंतर टोक फुगतं आणि त्याचे तंतू सुटतात. फुगलेलं टोक खड्ड्यात न शिरता काठावर बसतं, काठ जळतो आणि बारीक खड्डा रुंद होतो. ‘क्रॉसने खड्डे मोठे झाले’ या तक्रारींमागे बऱ्याचदा हेच असतं. काडी वारंवार बदलायची, अगदी बारीक खड्ड्यासाठी टोक ब्लेडने तासून घ्यायचं. मशीनच्या सेटिंगवर अर्धा तास बोलणारे लोक एका काडीत कंजुषी करतात, याला काय म्हणावं?

पहिल्या महिन्याअखेर मत असं होतं: पैसे पाण्यात. खपल्या चार ते सात दिवसांत पडल्या, खाली गुलाबी आणि मग तपकिरी ठिपके, खड्डे होते तिथेच, उलट जास्तच उठून दिसणारे. हे मत आता मागे. कोलॅजन बनून पक्कं व्हायला महिने लागतात. दोन सिटिंगमध्ये चार ते सहा आठवडे जायलाच हवेत आणि खरा फरक तिसरी सिटिंग झाल्यावर दिसायला लागला. तोही ‘खड्डा गेला’ असा नाही, ‘उथळ झाला’ असा.

२००२ मध्ये कोरियातल्या डॉक्टरांनी ही पद्धत मांडली तेव्हा ६५ आणि १०० टक्के अशी दोन्ही तीव्रतेची अॅसिडं वापरली होती. गव्हाळ-सावळ्या त्वचेला १०० टक्क्यांनी काळे डाग पडायची भीती जास्त, म्हणून बरेच डॉक्टर ५० ते ७० वर थांबतात. डाग पडलेच तर बहुतेकदा काही महिन्यांत फिके होतात, पण सनस्क्रीनला दांडी मारली आणि खपली नखाने काढली की मुक्काम वाढतो.

हे घरी करायचं नाही. आरशात बघून कातडी ताणता येते, पण खड्ड्याचा तळ दिसत नाही, आणि ओघळलेला थेंब गालावर आपली रेघ ओढून जातो. घरगुती डर्मारोलरचं (सुया लावलेल्या छोट्या रोलरचं) दुःख उलटं: पाव मिलिमीटरची सुई जिथे पोहोचायला हवं तिथे जातच नाही. क्लिनिकमध्ये खड्ड्यांसाठी दीड ते अडीच मिलिमीटरपर्यंत जातात.

रोलिंग म्हणजे लाटांसारख्या पसरट खड्ड्यांना काडीचा उपयोग शून्य. ते खालून तंतूंनी बांधलेले असतात, तिथे सबसिजन हवं: भूल देऊन कातडीखाली सुई किंवा कॅन्युला (बोथट टोकाची बारीक नळी) पंख्यासारखी फिरवून ते तंतू तोडायचे. आठवडा-दोन आठवडे काळानिळा चेहरा ठरलेला. एकाच चेहऱ्यावर दोन्ही प्रकार असले तर सबसिजनविना सहा सिटिंगचं लेझर पॅकेज विकणाऱ्याला ‘खड्डा कुठला ते आधी सांगा’ म्हणावं. आणि नवे मुरूम येतच असतील तर आधी ते थांबवावेत. एकीकडे बुजवायचं, दुसरीकडे खणायचं, असं चालत नाही.

फोटो काढताना दिवा एका बाजूने, गालाला जवळजवळ समांतर धरा, आणि दर वेळी तिथेच. समोरून फ्लॅश मारला की कुठलाही उपचार यशस्वी दिसतो. जाहिरातींतले ‘नंतर’चे फोटो नीट पाहा, सावली कुठे पडली आहे ते.