पिएर एर्मेचं 'चॉकलेट डेझर्ट्स': पुण्यातल्या घरच्या ओटीजी ओव्हनवर करून बघितल्यावरचा रिव्ह्यू

हे पुस्तक घ्यावं का असं ओळखीतल्या काही जणींनी विचारलंय, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. घ्या. नक्की घ्या, पण दोन गोष्टी माहीत असू द्या. एक म्हणजे यात जवळपास प्रत्येक मोठ्या पदार्थात अंडं आहे, आणि दुसरी म्हणजे हे कंपाऊंडवर (कोको बटरऐवजी वनस्पती तेल घातलेल्या चॉकलेटवर) चालणारं पुस्तक नाही. या दोन्ही गोष्टी चालणार असतील तर घरच्या बेकिंगवर एवढं शिकवणारं दुसरं पुस्तक माझ्या तरी कपाटात नाही.

पुस्तक २००१ चं आहे. रेसिपी एर्मेच्या आणि लिहिलंय अमेरिकन लेखिका डोरी ग्रीनस्पॅनने. हा एर्मे म्हणजे पेस्ट्री शेफ, फ्रान्समधल्या अल्सास भागातला, घरात पिढ्यानपिढ्या बेकरीचा धंदा, चौदाव्या वर्षी पॅरिसला लनोत्र या नावाजलेल्या पेस्ट्री शेफकडे शिकायला गेला. स्वतःचं पहिलं दुकान त्याने १९९८ मध्ये काढलं तेही पॅरिसला नाही तर टोकियोत, पॅरिसचं नंतर २००१ मध्ये आलं. त्याला 'पेस्ट्रीचा पिकासो' म्हणतात ते कुठेही वाचायला मिळेल. पण मला विचाराल तर या पुस्तकाचा अर्धा मान डोरीचा आहे, कारण तिने प्रत्येक कृती घरच्या ओट्यापाशी उभं राहिलेल्या माणसासाठी लिहिलीये, म्हणजे मिश्रण या टप्प्याला कसं दिसेल, आता घट्ट झालं तरी घाबरू नका पुढे सैल होईल, हे किती दिवस फ्रीजमध्ये राहील, फ्रीजरमध्ये टाकता येईल का, सगळं. वर मापं कपात पण आहेत आणि ग्रॅममध्ये पण आहेत. ग्रॅमच वापरा, साधा किचनचा वजनकाटा असेल तर अर्धी कटकट तिथेच संपते.

आता फोटो. सुंदर आहेत, आणि आर्टिस्टिक पुस्तक म्हटलं की आपल्याला वाटतं साखरेची फुलं, सोनेरी वर्ख, तीन मजली केक, तर तसलं यात काही नाही. काळा चकचकीत ग्लेझ, सरळ कडा, वर फार तर चॉकलेटचा एक पातळ पत्रा, संपलं. कला आत आहे. काप काढला की कळतं की कुरकुरीत कुठे ठेवलंय, मऊ कुठे, मिठाचा कण कुठे लागतो, कडू आधी येतं की आंबट. मला हेच सगळ्यात जास्त आवडलं. साखर तर हा माणूस मिठासारखी वापरतो, चव उठून येण्यापुरती. आपल्याकडच्या केकशॉपच्या ट्रफलची सवय असेल तर पहिला घास अनोळखी लागतो. आईने पहिल्यांदा खाल्लं तेव्हा म्हणाली, "अगं, साखर विसरलीस का?" आणि मग बोलता बोलता दुसरा तुकडा घेतला.

सुरुवात 'सुझीज केक'पासून करा. पुस्तकातली बहुतेक सगळ्यात सोपी गोष्ट हीच. २५० ग्रॅम चॉकलेट, २५० ग्रॅम बटर, २०० ग्रॅम साखर, चार अंडी आणि मैदा फक्त ७० ग्रॅम. बेकिंग पावडर नाही, काही फेटून फुगवायचं नाही. केक फुगत नाही, वरून पातळ पापुद्रा येतो, आत ओलसर राहतो, आणि सुरी घातल्यावर थोडं चिकटलेलं दिसलं तरी तो झालेलाच असतो. थंड होऊ द्या, मग फ्रीजमध्ये तास-दोन तास, मग परत बाहेर काढून रूम टेंपरेचरला आणून खा, प्लीज गरम खाऊ नका. या केकमध्ये लपायला जागा नाही, मैदा इतका कमी आहे की जे चॉकलेट घालाल तेच खाल.

म्हणून चॉकलेटबद्दल जरा जास्त लिहिते. पुस्तकात बहुतेक ठिकाणी वालरोना कंपनीची नावं आहेत, ग्वानाहा म्हणजे ७० टक्के कोकोचं डार्क आणि जिवारा म्हणजे ४० टक्क्यांचं मिल्क. आपल्याकडे ते महाग पडतं आणि दर वेळी मिळेलच असंही नाही. नाव सोडून द्या, टक्का धरा. ७० च्या जागी ७० च्या आसपासचं कूव्हर्चर (भरपूर कोको बटर असलेलं बेकिंगचं चॉकलेट) घ्या. आपल्याकडे बेकर्समध्ये सगळ्यात जास्त चालणारं कॅलेबोचं ८११ हे ५४.५ टक्क्यांचं आहे, म्हणजे त्यात साखर जास्त आणि कोको कमी, ते ७० च्या रेसिपीत टाकलं तर पदार्थ जास्त गोड होतो आणि गनाश (चॉकलेट आणि क्रीमचं मिश्रण) सैल राहतं. त्याच कंपनीचं ७० च्या वरचंही मिळतं, ते मागा. पुण्यात बोहरी आळीत बेकिंगच्या सामानाची दुकानं आहेत तिथे सुट्टं पण मिळतं, फक्त पाकिटावर 'कोको बटर' लिहिलंय ना ते वाचून घ्या. तिथे वनस्पती तेल दिसलं तर ते कंपाऊंड. ते टेंपर न करता, म्हणजे ठरावीक तापमानांना वितळवायची-थंड करायची खटपट न करता, सेट होतं म्हणून सोयीचं असतं, सजावटीला ठीक आहे, पण तोंडात मेणासारखं राहतं आणि या रेसिपींची मजाच जाते. (माहिती म्हणून सांगते, कॅलेबोवाल्या बॅरी कॅलेबो कंपनीची आता आपल्या बारामतीत फॅक्टरी आहे.) शिवाय आपल्या दक्षिणेतला कोको वापरून बार करणारे लोक आहेत, पॉल अँड माइक, मेसन अँड को वगैरे. त्यांचं ७० च्या आसपासचं चॉकलेट मी सुझीज केकला वापरलंय, जरा फळासारखी आंबट झाक येते, मला तर ओरिजिनलपेक्षा जास्त आवडली असती असं वाटतं इतकी छान.

क्रीमचंही तसंच. पुस्तकातलं हेवी क्रीम म्हणजे ३६ टक्क्यांच्या पुढचं फॅट. आपलं अमूल फ्रेश क्रीम २५ टक्के. गनाश किंवा ग्लेझला ते चालतं, पण फेटलं जात नाही म्हणजे नाहीच, त्यामुळे जिथे क्रीम व्हिप करायचंय तिथे डेअरीचं बिनसाखरेचं व्हिपिंग क्रीम आणा. केकवाल्यांचं नॉनडेअरी नको, ते आधीच गोड असतं आणि एर्मेने मोजून ठेवलेला सगळा तोल जातो.

एक्लेअर (गोळी नव्हे, आत क्रीम भरलेली लांबट पोकळ पेस्ट्री) हा माझा या पुस्तकातला सगळ्यात लाडका भाग. इथे पुस्तकाची एक सवय कळते, रेसिपीच्या पोटात रेसिपी. एक्लेअरला शू पेस्ट्री, म्हणजे ते फुगणारं पोकळ कवच लागतं, आत भरायला चॉकलेट पेस्ट्री क्रीम लागतं, वर ग्लेझ लागतं, आणि त्या ग्लेझमध्ये ११० ग्रॅम चॉकलेट सॉस लागतो ज्याची रेसिपी वेगळीच आहे. काही जणांना याचा वैताग येतो, सारखं पानं मागेपुढे करावी लागतात ते खरंच आहे, आणि हे बांधणीतलं दुखणं आहे असं मलाही वाटतं, सुरुवातीलाच 'आधी हे हे करून ठेवा' अशी चौकट हवी होती. पण एकदा शनिवार-रविवारात वाटून घेतलं की सोपं होतं. सॉस आणि पेस्ट्री क्रीम आदल्या दिवशी, शू आणि ग्लेझ दुसऱ्या दिवशी. सॉस गरजेपेक्षा कितीतरी जास्त होतो, तो आइस्क्रीमवर घाला, गरम दुधात ढवळा, उरत नाही.

शू पेस्ट्रीत पाच मोठी अंडी लिहिलीयेत. ती अमेरिकन मापाची मोठी, टरफलाशिवाय साधारण ५० ग्रॅमचं एक. आपली अंडी बऱ्याचदा लहान असतात, म्हणून फोडून वजन करा, २५० ग्रॅमच्या आसपास लागेल, आणि शेवटचं थोडं थोडं घाला. चमचा उचलल्यावर पीठ रिबनसारखं पडलं की थांबा. मग १९० डिग्रीला ओव्हनमध्ये, आणि सात मिनिटांनी दारात लाकडी चमच्याचा दांडा अडकवून दार किंचित उघडं ठेवायचं. हे वाचून सगळे चमकतात, पण कारण साधं आहे, पिठातली वाफ फुगवायचं काम करून झाली की ती बाहेर जायला हवी, नाहीतर कवच आतून ओलं राहतं आणि बाहेर काढल्यावर बसतं. ओटीजीत रॉड जवळ असतो त्यामुळे वरची बाजू पटकन रंगते, एका वेळी एकच ट्रे मधल्या खाचेत लावा, वेळ थोडा जास्त लागला तरी चालेल. ग्लेझ ३५ ते ४० डिग्रीच्या मध्ये असताना वापरायचं असं पुस्तक सांगतं, तेवढ्यासाठी प्रोब थर्मामीटर घ्याच. त्या तापमानाला ते सुरीने एका हातात सरळ पसरतं आणि आरशासारखं सेट होतं, जास्त गरम असलं की ओघळतं, थंड झालं की गठ्ठा होतो, असली भानगडच राहत नाही.

'फोबूर पावे' नावाचा लोफच्या आकाराचा केक आहे, कोको केकचे थर, मध्ये कॅरमेल घातलेलं चॉकलेट गनाश आणि जर्दाळू. जर्दाळूला लिंबाचा रस आणि चिमूटभर मिरपूड! वाचताना विचित्र वाटतं, खाताना असं वाटतं की याशिवाय हा केक होऊच शकत नाही. कॅरमेलमध्ये मिठाचं बटर आहे, म्हणजे आपलं नेहमीचं पिवळं अमूल चालतं, बाकी सगळीकडे मात्र अनसॉल्टेड. न्युटेला टार्ट पण आहे, मुलांना प्रचंड आवडतो, वर हेझलनट, खाली न्युटेला आणि मध्ये डार्क गनाश म्हणून तो अति गोड होत नाही, भरल्यावर ओव्हनमध्ये फक्त दहा-अकरा मिनिटं.

सगळ्यात अवघड 'प्लेझिर सुक्रे'. हेझलनटचा डाक्वाझ (फेटलेल्या अंड्याच्या पांढऱ्याचा भाजलेला थर), त्यावर प्रलीनचा (साखरेत परतलेल्या हेझलनटच्या पेस्टचा) कुरकुरीत थर, मिल्क चॉकलेटचं गनाश, मिल्क चॉकलेटचं व्हिप क्रीम आणि मध्ये मध्ये चॉकलेटचे कागदासारखे पातळ पत्रे. प्रलीन पेस्ट मिळत नसेल तर हेझलनटची चिक्की करायची आणि मिक्सरला तेल सुटेपर्यंत थांबत थांबत फिरवायची, झालं. कुरकुरीत थरासाठी फ्रेंच क्रेप बिस्किटांऐवजी मी साधे कॉर्नफ्लेक्स चुरून घालते. पत्र्यांना टेंपरिंग लागतं आणि ते ऋतूवर आहे. कोको बटरचे जे स्फटिक आपल्याला हवेत ते ३३-३४ डिग्रीला वितळतात, मग एप्रिलमध्ये पुण्यात दुपारी बिनएसीच्या स्वयंपाकघरात पत्रे उचलायचे कसे. डार्कला ३१-३२ डिग्रीवर काम करायचं, मिल्कला त्याहून एक-दोन डिग्री कमी, आणि खोली २०-२२ ची हवी. म्हणजे डिसेंबर-जानेवारीची सकाळ नाहीतर एसी. उन्हाळ्यात याच पुस्तकातली आइस्क्रीमं, सॉर्बे, मूस करा, तेही भरपूर आहे.

अंडं न खाणाऱ्यांसाठी, सगळं पुस्तक बाद नाही. ट्रफल्स, चॉकलेट सॉस, आणि हॉट चॉकलेट ज्यात दूध, थोडं पाणी, साखर आणि खरं चॉकलेट घालून हँड ब्लेंडरने फेस येईपर्यंत फिरवायचं, एवढं आरामात होतं. पण फक्त तेवढ्यासाठी पुस्तक विकत घेऊ नका, कोणाचं तरी आणून वाचा. आणि घेणार असाल तर जुनी प्रत शोधा, पानांवर चॉकलेटचे डाग असले तरी चालतील, फक्त शेवटचा बेस रेसिपींचा आणि संज्ञा-साहित्याचा भाग शाबूत आहे ना ते बघून घ्या, सगळ्यात जास्त तीच पानं उघडावी लागतात.