शास्त्री रस्त्यालगतची अभ्यासिका : पदवीनंतरच्या मधल्या काळाचे भाडे

पदवीचा शेवटचा निकाल हाती आला की वसतिगृहातील खोली सोडावी लागते, ग्रंथालयाचे ओळखपत्र जमा करावे लागते आणि गावी गेल्यावर ‘सध्या काय चालू आहे?’ या प्रश्नाला एका शब्दात द्यायचे उत्तर उरत नाही. पुण्यातील सदाशिव पेठ, नवी पेठ आणि शास्त्री रस्ता या पट्ट्यातील अभ्यासिकांचा बहुतेक व्यवसाय स्पर्धा परीक्षांच्या तयारीत जाणाऱ्या या मधल्या काळावर उभा आहे. त्यांपैकी एका अभ्यासिकेचा मी बराच काळ सभासद होतो आणि हे परीक्षण तिचे आहे. तिचे नाव देत नाही, कारण पुढे काही तक्रारी नोंदवायच्या आहेत आणि त्या थोड्याफार फरकाने त्या गल्लीतील इतर अभ्यासिकांनाही लागू पडतात.

सोयींविषयी फार लिहिण्यासारखे नाही. इमारत जुनी असून जिना अरुंद आहे. दोन मजल्यांपैकी खालच्या मजल्यावर मुलींसाठी स्वतंत्र दालन आहे. राखीव जागेला महिन्याला १,४०० रुपये, राखीव नसलेल्या जागेला १,००० रुपये आणि उन्हाळ्यात वातानुकूलनाचे ३०० रुपये वेगळे पडतात. शिवाय ५०० रुपये डिपॉझिट द्यावे लागते. दार चोवीस तास उघडे असते, वीज गेल्यास इन्व्हर्टर चालतो, पिण्याचे पाणी चांगले आहे आणि लॉकरला स्वतःचे कुलूप लावता येते. स्वच्छतागृह सकाळी ठीक असते, रात्री नऊनंतर मात्र त्याविषयी न बोललेले बरे.

खरा विषय टेबलाचा आहे. जेमतेम दोन फूट रुंदीचे सनमायका लावलेले टेबल आणि दोन्ही बाजूंना प्लायवूडचे आडोसे, अशी इथली मूळ रचना आहे. वाचायला आणि पर्यायांवर खुणा करायला ती पुरेशी होती, कारण महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची राज्यसेवा मुख्य परीक्षा पूर्वी ८०० गुणांची, सहा पेपरांची आणि बहुतांश वस्तुनिष्ठ होती. २०२२ मध्ये आयोगाने वर्णनात्मक, म्हणजे सविस्तर उत्तरे लिहिण्याची पद्धत जाहीर केली. ती लगेच पुढच्या वर्षापासून लागू करण्याला विद्यार्थ्यांनी विरोध केला, पुण्यात आंदोलने झाली आणि अखेर अंमलबजावणी २०२५ पर्यंत पुढे गेली. आता एकूण नऊ पेपर आहेत, त्यांपैकी भाषेचे दोन केवळ पात्रतेपुरते आहेत, उरलेल्या सातांचे १,७५० गुण आणि मुलाखतीचे २७५ गुण धरले जातात. ज्यांनी जुन्या पद्धतीचा विचार करून पदवीनंतरची वर्षे या गल्लीत घालवली, त्यांना सलग तीन तास हाताने लिहिण्याची सवय नव्याने लावून घ्यावी लागली आणि दोन फुटांच्या टेबलावर ते किती अवघड आहे हे पहिल्याच आठवड्यात लक्षात आले. उजवा कोपर आडोशाला आपटतो, उत्तरपत्रिका आणि प्रश्नपत्रिका शेजारी शेजारी मावत नाहीत आणि शेजारी डावखुरा बसला असेल तर दोघांनाही आडोसा हादरत असल्याचा त्रास होतो.

या अभ्यासिकेने त्यावर जे केले, त्यासाठी तिला पूर्ण गुण द्यायला हवेत. वरच्या मजल्यावरील एका रांगेतील आडोसे काढून तिथे तीन फुटांची टेबले लावली गेली आणि ती केवळ लेखनाच्या सरावासाठी ठेवली गेली. वहीत नाव लिहून तीन तासांची वेळ घ्यावी लागते. त्यामुळे जागा कमी झाल्या, म्हणजे मालकांचे उत्पन्नही घटले असणार, तरी या टेबलांसाठी वेगळे शुल्क आकारले जात नाही. उणीव एवढीच की पंखा नेमका या रांगेवर आहे. क्लिपचे पॅड नेले नाही तर अर्धे लक्ष कागद सावरण्यातच जाते.

याच रांगेत नेहमी बसणाऱ्या एका ज्येष्ठ सभासदांकडे जुन्या पद्धतीच्या टिपणांचे गठ्ठे होते. ते त्यांनी रद्दीत दिले नाहीत. एका बाजूला छापलेल्या त्या कागदांच्या कोऱ्या पाठीवर ते रोज उत्तरे लिहीत, उलट बाजूला ‘पुढीलपैकी कोणते विधान अयोग्य आहे?’ असे प्रश्न तसेच असत. त्यांना सगळे ‘दादा’ म्हणत. पूर्व परीक्षा ते अनेकदा उत्तीर्ण झाले होते, मुख्य परीक्षेत मात्र दरवेळी थोडक्यात राहिले होते, आणि सकाळी सातची त्यांची वेळ चुकत नसे. खुल्या प्रवर्गासाठी ३८ आणि मागास प्रवर्गांसाठी ४३ वर्षांची मर्यादा असल्याने नुकत्याच पदवीधर झालेल्या मुलाच्या शेजारी असे कोणी बसलेले असणे इथे नेहमीचेच आहे. मला त्यांच्यामुळे बळ मिळाले, पण माझ्याबरोबर आलेल्या एकाला त्यांच्याकडे पाहून धडकी भरली आणि तो दोन महिन्यांत परत गेला. त्याचेही चुकले असे मी म्हणणार नाही.

दुसरी महत्त्वाची बाब म्हणजे हिशेब. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्यसेवा पूर्व परीक्षा २५ तारखेला होती, त्याच दिवशी बँक भरतीचीही परीक्षा होती. तारीख बदलावी म्हणून विद्यार्थी शास्त्री रस्त्यावर आंदोलनाला बसले, परीक्षा ऐन वेळी पुढे ढकलली गेली आणि शेवटी १ डिसेंबरला झाली. ज्यांनी महिनाअखेरपर्यंतचेच पैसे बाजूला काढून ठेवले होते, त्यांची अडचण झाली. खालच्या काउंटरवरचे मामा तेव्हा एकेकाला सांगत होते, “पूर्व पुढं गेली ना? मग लॉकर राहू द्या, पैशाचं पुढच्या महिन्यात बघू.” ही सवलत कुठल्याही फलकावर लिहिलेली नाही, म्हणजे ती मामांच्या स्वभावावर अवलंबून आहे, आणि व्यवसाय म्हणून पाहता हीच तिची कमजोरी आहे. याउलट वार्षिक योजनेचा नियम ठळक अक्षरांत लावलेला आहे : दोन महिन्यांची सूट मिळते, पण मध्येच सोडल्यास रक्कम परत मिळत नाही. पदवी नुकतीच हाती आलेल्या कोणीही ही योजना घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वर्षभरात कोणाला तलाठ्याची नेमणूक मिळते, कोणाला पेरणीसाठी घरी बोलावले जाते, कोणी हिंजवडीत नोकरी धरतो. त्या वयात बारा महिन्यांचा शब्द देणे शहाणपणाचे नाही.

नोकरी धरणाऱ्यांसाठी संध्याकाळी सहा ते मध्यरात्रीपर्यंतची ७०० रुपयांची अर्धवेळ जागा आहे, आणि माझ्या दृष्टीने ही इथली सर्वांत उपयुक्त सोय आहे. मात्र तिची जाहिरात कुठेच नाही, विचारल्यावरच सांगितले जाते. प्रवेशद्वारावरच्या फ्लेक्सवर फक्त पद मिळालेल्यांची छायाचित्रे आहेत. बँकेत, शाळेत किंवा दूध संघात लागलेले जुने सभासद त्यावर नाहीत, जरी रविवारी तेच नव्या मुलांना चहा पाजून मुलाखतीचे प्रश्न विचारत बसलेले असतात. फ्लेक्स मालकांच्या व्यवसायाला शोभतो, पण नव्याने येणाऱ्याला तो अर्धेच चित्र दाखवतो.

एकंदरीत पाचपैकी चार गुण. महापालिकेच्या अभ्यासिका स्वस्त असतात, तिथे जागा मिळत असेल तर आधी तिथे पाहावे. इथे यायचे ठरल्यास पहिला महिना राखीव नसलेली जागा घ्यावी आणि लेखनाच्या टेबलासाठी आदल्या रात्रीच वहीत नाव लिहावे, कारण सकाळी आठनंतर पाने भरलेली असतात. डिपॉझिटची पावती मात्र मागून घ्यावी. ती आपणहून दिली जात नाही आणि सोडताना तिच्याशिवाय पैसे मिळत नाहीत.