रुंद समासाचं बायबल: वर्षभर वापरल्यानंतर

आजारपणामुळे मला नोकरी सोडावी लागली. तेरा वर्षं हिशेब लिहिण्यात गेली होती. घरी बसल्यावर रोज संध्याकाळी मनात एकच जमाखर्च चालायचा: आज माझा कुणाला काय उपयोग झाला? बहुतेक वेळा शून्य. त्याच दिवसांत हे बायबल घेतलं.

यातली खरी कामाची गोष्ट म्हणजे ओव्यांच्या बाजूला दिलेले संदर्भ, म्हणजे तशीच ओवी बायबलमध्ये आणखी कुठे आहे त्याची खूण. लूक 12:6, म्हणजे लूकच्या पुस्तकातल्या बाराव्या अध्यायाची सहावी ओवी, वाचत होते. पाच चिमण्या दोन दमड्यांना विकतात, तरी त्यांतल्या एकीचाही देवाला विसर पडत नाही. लहानपणापासून ऐकलेली ओवी. बाजूला मत्तय 10:29 लिहिलेलं दिसलं, म्हणून पानं मागे उलटली. तिथे दोन चिमण्या एका दमडीला! हात सवयीने पेन्सिलीकडे गेला. समासात मांडलं: एका दमडीला 2, दोन दमड्यांना 4. मग पाचवी? ती वर टाकलेली, फुकट. मूळ ग्रीकमध्ये ते नाणं असारियन आहे, म्हणजे दिनाराचा 1/16 भाग, आणि दिनार ही मजुराची दिवसाची मजुरी. आधी चार चिमण्यांचीच किंमत एवढीशी, त्यात पाचवीला तर भावच नाही. तीसुद्धा देवाच्या लक्षात आहे. त्या आकडेमोडीकडे बघत मी कितीतरी वेळ रडले.

सोबत एक वाचनखूण मिळते. तिच्यावर स्तोत्र 139:14 आहे, आपली घडण अद्भुत आहे म्हणून देवाचे आभार मानणारी ओवी. एकटीच छापल्यामुळे ती नुसत्या कौतुकासारखी वाटते. त्याच स्तोत्राच्या सातव्या ओवीत ते गाणारा माणूस देवाला विचारतोय, तुझ्यापासून मी पळून कुठे जाऊ? मला धीर आला तो या प्रश्नाने.

प्रास्ताविक मात्र मला अजिबात पटलं नाही. विश्वास ठेवला की आत्मविश्वास येतो आणि माणूस यशस्वी होतो, असा त्याचा सूर आहे. मग ज्याला यश मिळालं नाही त्याने काय समजायचं? मत्तय 3:17 मध्ये येशूच्या बाप्तिस्म्याच्या वेळी आकाशवाणी होते, हा माझा प्रिय पुत्र. तोवर मत्तयाने त्याचा एकही चमत्कार सांगितलेला नाही, एकही प्रवचन नाही. प्रास्ताविक सोडून थेट तिथून वाचायला घ्या.

कागद पातळ आहे. जेल पेनची शाई मागे उमटते, स्तोत्रांची दोन पानं मी अशीच खराब केली. पेन्सिलच वापरा. संदर्भांचा टाइप फार बारीक आहे, संध्याकाळनंतर चष्मा लावूनही त्रास होतो. शिलाई भक्कम आहे आणि पुस्तक टेबलावर सपाट उघडं राहतं. माझ्यासारखे हात लवकर थकणाऱ्यांना हे फार सोयीचं आहे. फीत एकच आहे, दोन हव्या होत्या. माझी लूकच्या बाराव्या अध्यायातून हलत नाही, त्यामुळे रोजच्या वाचनाला कागदाचा कपटा घालावा लागतो.